महाधमनीचा जंतुदूषित फुगवटा : पोट न उघडता उपचार

भगवान बुद्धांचे वैद्य जीवक यांनी वाराणसीच्या एका श्रेष्ठीपुत्राचे पोट उघडून आतड्याला बसलेली गाठ सोडविली, असा उल्लेख विनयपिटकात आढळतो. पोट उघडणे हा तेव्हाही जीवावरचा प्रसंग होता आणि वृद्ध, अशक्त रुग्णाच्या बाबतीत तो आजही आहे. म्हणूनच पोट न उघडता पोटातील सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीवर उपचार कसा होतो, हे आम्ही येथे सोप्या शब्दांत सांगत आहोत.

हृदयातून निघालेली महाधमनी पाठीच्या कण्यापुढून पोटात उतरते व बेंबीच्या सुमारास दोन पायांकडे विभागते. पोटात तिची रुंदी साधारण दोन सेंटिमीटर असते. तिची भिंत कमकुवत झाली की, सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगवटा यावा तशी ती फुगते. यालाच ॲन्युरिझम म्हणतात. बहुतेक फुगवटे उतारवय, धूम्रपान व रक्तदाब यांमुळे हळूहळू वाढतात. काही थोड्या रुग्णांत मात्र जंतू भिंतीत घर करून ती पोखरतात. असा फुगवटा काही दिवसांतच वाढून फुटू शकतो आणि फुटल्यास रुग्ण वाचणे कठीण होते. १८८५ साली विल्यम ऑस्लर यांनी त्याला बुरशीवाचक नाव दिले. प्रत्यक्षात साल्मोनेला, स्टॅफिलोकॉकस यांसारखे जिवाणूच बहुधा त्यास कारणीभूत असतात. मधुमेही व प्रतिकारशक्ती घटलेल्या व्यक्तींना धोका अधिक. डॉ. बाबासाहेबांनाही मधुमेहाने अखेरपर्यंत छळले, हे आपण जाणतोच. तेव्हा या आजाराला क्षुल्लक समजू नये.

जुनी पद्धत अशी : पोट उघडायचे, धमनीचा सडलेला भाग कापून टाकायचा, जागा स्वच्छ करायची आणि रक्तासाठी नवा मार्ग जोडायचा. यात जंतूंचे घरच काढून टाकले जाते. परंतु हृदय व मूत्रपिंडे यांवर मोठा ताण येतो.

१९९० साली अर्जेंटिनातील ब्युनॉस आयर्स येथे हुआन पारोदी यांनी पोटातील साध्या फुगवट्यासाठी निराळा मार्ग दाखविला. जांघेतील धमनीतून बारीक तार वर सरकवितात. तिच्यावरून घडी केलेली, धातूच्या जाळीची कापडी नळी एक्स-रेच्या पडद्यावर पाहत फुगवट्यापर्यंत नेतात व तेथे उघडतात. मग रक्त नळीतून वाहते आणि भिंतीवरचा दाब कमी होतो.

जंतुदूषित फुगवट्यात मात्र एक अडचण उरते. दाब कमी झाला तरी जंतू तेथेच राहतात आणि त्यांच्या शेजारी आपण परकी वस्तू बसवितो! त्यामुळे अनेक शल्यचिकित्सक या उपायाबाबत साशंक होते. पुढे स्वीडनमध्ये १९९४ ते २०१४ या काळातील १३२ रुग्णांचा अभ्यास झाला. तीन महिन्यांनंतर नळी बसविलेल्यांपैकी सुमारे ९६ टक्के, तर पोट उघडून शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के रुग्ण हयात होते. पाच वर्षांनंतर दोन्ही गटांत फारसा फरक राहिला नाही. कोणावर कोणता उपचार करावा हे डॉक्टरांनी ठरविले होते, चिठ्ठ्या टाकून नव्हे. म्हणून या आकड्यांचा अर्थ जपूनच लावावा लागतो. शिवाय आतडे धमनीला चिकटून छिद्र पडले असेल किंवा पू साठला असेल, तर केवळ नळी पुरत नाही.

यातून निघणारा बोध आम्हांस महत्त्वाचा वाटतो. नळी फुटण्यापासून वाचविते. जंतूंशी लढतात ती प्रतिजैविके. ती प्रथम काही आठवडे शिरेतून व नंतर कित्येक महिने, काहींना तर जन्मभर, तोंडाने घ्यावी लागतात. सी. टी. स्कॅनने तपासणीही होत राहावी लागते. "आता बरे वाटते" म्हणून गोळ्या सोडणे म्हणजे दबा धरून बसलेल्या शत्रूला दार उघडून देणे होय.

तेव्हा घरातील वयस्क वा मधुमेही माणसाला उतरत नसलेला ताप आणि त्यासोबत पोटात किंवा पाठीत दुखणे असेल, तर अंगारे-धुपारे व घरगुती काढे यांत दिवस घालवू नयेत. मोठ्या रुग्णालयात जाऊन रक्ताची व पोटाची तपासणी करून घ्यावी. तथागतांनी आजारी भिक्षूची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली होती. शेजारच्या रुग्णाला रुग्णालयात पोहोचविणे आणि त्याचा औषधाचा एकही दिवस चुकू न देणे, एवढे तर आपल्या संस्थेचा प्रत्येक सभासद व विद्यार्थी करू शकतो. जय भीम!