रुग्णालय विरुद्ध रहिवासी: या प्रश्नात तिसरा कोण?

‘रुग्णालयाचा विस्तार आणि शेजारच्या रहिवाशांचं हित’ असा विषय घेतला की बहुतेक जण संशोधन आराखड्याच्या पहिल्याच पानावर दोन रकाने आखतात. डावीकडे रुग्णालय, उजवीकडे वस्ती. मग दोघांच्या मुलाखती, दोघांचं म्हणणं आणि शेवटी ‘समतोल साधला पाहिजे’ हा ठरलेला निष्कर्ष. आराखडा नीटनेटका दिसतो, पण त्यातून एक पक्ष सुटतो. तो कोणता, हे परळच्या एका प्रकरणावरून बघू.

टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळमध्ये सुरू झालं. तेव्हा भोवती गिरण्या आणि चाळी होत्या. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. रुग्ण देशभरातून येतात, पण परळची जागा वाढत नाही. पुढे खारघरला मोठं केंद्र उभं राहिलं, तरी परळची गर्दी हटली नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. आपण रुग्णालयाचा विस्तार खाटांमध्ये मोजतो. पण रेडिओथेरपीचे अनेक रुग्ण भरती झालेले नसतात. त्यांना आठवड्यातून पाच दिवस, असं कित्येक आठवडे काही मिनिटांच्या उपचारासाठी यावं लागतं. म्हणजे खाट लागत नाही, पण खोली लागते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशांना आधार देते. पण जिथे जागा मिळत नाही तिथे फूटपाथ उरतो. रुग्णालयाच्या नकाशात हा भार दिसत नाही. तो शेजारच्या वस्तीच्या रस्त्यावर दिसतो.

यावर उपाय म्हणून मे २०२१ मध्ये म्हाडाच्या १०० सदनिका टाटा रुग्णालयाला देण्याचं ठरलं. घरं करी रोड भागातल्या पुनर्विकसित इमारतींमधली होती. शरद पवार यांच्या हस्ते चाव्याही दिल्या गेल्या. रहिवाशांनी विरोध केला आणि स्थानिक आमदार अजय चौधरी यांनी तो मुख्यमंत्र्यांपर्यंत नेला. जूनमध्ये उद्धव ठाकरे यांनी निर्णयाला स्थगिती दिली. त्यानंतर लगोलग गृहनिर्माणमंत्री जितेंद्र आव्हाड यांनी बॉम्बे डाईंगच्या जागेवरच्या इमारतीत १०० सदनिकांचा पर्याय जाहीर केला.

आता तुम्ही संशोधक म्हणून या विरोधाकडे कसं बघाल? ‘रहिवासी स्वार्थी आहेत’ किंवा ‘रहिवाशांवर अन्याय झाला’ असं एका वाक्यात लिहून टाकू नका. अशा विरोधात साधारण चार धागे असू शकतात आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं.

पहिला धागा भीतीचा. कर्करोग संसर्गजन्य नाही. उलट केमोथेरपी चालू असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते, त्यामुळे शेजाऱ्यांच्या सर्दी-तापाचा धोका त्यालाच जास्त. या धाग्याला उत्तर म्हणजे माहिती.

दुसरा भाराचा. लिफ्ट, पाणी, कचरा, जिन्यातली सततची ये-जा. ही तक्रार मोजता येते आणि व्यवस्थापनाने कमीही करता येते.

तिसरा हक्काचा. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासातून म्हाडाला मिळणारी जादा घरं संक्रमण शिबिरातल्या, बृहद्सूचीवरच्या कुटुंबांना देण्याची पद्धत आहे. वर्षानुवर्षं थांबलेल्या कुटुंबाला ‘जरा माणुसकी दाखवा’ हे उत्तर पुरत नाही.

चौथा धागा प्रक्रियेचा: ‘आम्हाला विचारलंच नाही.’ विकास आराखड्यात बदल करायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. सदनिकांचं वाटप हा मात्र आराखड्यातला बदल नव्हे, त्यामुळे तिथे ही वाट नसते. मग तक्रार आमदारामार्फत वर जाते, आणि तसंच झालं.

मुलाखतीत हे चारही धागे एकाच वाक्यात गुंतून येतात. ‘इथे पेशंट नकोत’ म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारा: नक्की काय नको? गर्दी, आजार, की न विचारता घेतलेला निर्णय? हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, तर भीती आणि हक्क एकाच कोडखाली जातील आणि पुढचं सगळं विश्लेषण बिघडेल.

आणि आता तो सुटलेला पक्ष. बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातलं आमचं तलवाडा घ्या. समजा, तिथून एखादी बाई नवऱ्याच्या उपचारासाठी रात्रभराचा प्रवास करून परळला पोचली. ती रुग्णालय नाही आणि वस्तीही नाही. करी रोडच्या रहिवाशांकडे त्यांचा आमदार होता, रुग्णालयाकडे प्रशासन होतं. हिचा आमदार गेवराईचा, मतदान गेवराईला. आराखड्यावर कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते, असं कायदा म्हणतो. पण परळची नोटीस तलवाड्यात कोण वाचणार? निर्णयाची सगळ्यात मोठी किंमत मोजणारी व्यक्ती निर्णयाच्या जागी नसते, ती अशी.

तिला तिसऱ्या रकान्यात लिहिलंत की प्रश्नच बदलतो. ‘परळमध्ये किती जागा द्यायची?’ याच्या शेजारी ‘तिला परळपर्यंत यावं का लागलं?’ हा प्रश्न येतो. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे कोणता उपचार होतो, कशासाठी मुंबईला पाठवतात, किती वाट बघावी लागते, ही माहिती तेव्हा करी रोडच्या वादाचाच भाग होते. मराठवाड्यात वाढलेली सोय हा परळच्या रहिवाशांनाही दिलासा असतो.

म्हणून आराखडा लिहिताना तीन कामं करा. एक, अभ्यासक्षेत्राची हद्द रुग्णालयाच्या कुंपणावर थांबवू नका; रुग्ण कुठून येतात तिथपर्यंत न्या. दोन, नमुना निवडताना भरती रुग्णांच्या यादीवर विसंबू नका, कारण फूटपाथवरचा माणूस त्या यादीत नसतो. तीन, मुलाखतीची वेळ उपचाराच्या वेळेप्रमाणे ठेवा आणि संमती घेताना ‘नाही म्हटलंत तरी उपचारावर काही परिणाम होणार नाही’ हे साध्या मराठीत सांगा. थकलेला माणूस हातात कागद दिसला की सही करून टाकतो. त्या सहीला संमती समजू नका.