खिचडीवाली मावशी आणि सरांची वही

पहाटे 5:30. पांढरकवड्याच्या पलीकडचं एक कोलाम पोड, म्हणजे कोलामांची वस्ती. नोव्हेंबरचा गारठा. मावशी हातपंपावरून दोन गुंड पाणी आणते, चूल पेटवते, भाकरी थापते. नवरा अंगणात बांबू चिरत बसलाय. टोपल्या करायच्यात.

सकाळी 8:30. बाया वावराकडं निघाल्या. पऱ्हाटीवरचं दव सुकलं की वेचा सुरू होतो. नेमकी तीच वेळ मावशीच्या शाळेतल्या कामाची. मावशी बायांना हात करते आणि उलट्या वाटेनं जाते.

सकाळी 9:00. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी. ती खोल्या झाडते, लाकडं फोडते, मागल्या पडवीत तांदूळ निवडते.

सकाळी 10:30. घंटा. सर मोटरसायकलवरून पोचलेत. ते मूळ अमरावतीकडचे, घरी मराठी. परिपाठ झाला, हजेरी झाली. बावीस पोरं. एका पोरामागं 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ. मावशी तोंडी हिशेब करते, डब्यानं माप टाकते. तांदूळ सव्वादोन किलोला थोडा कमी.

सकाळी 11:15. आधण ठेवून ती पहिलीच्या दारात येऊन उभी राहते. वर्गात चार पोरं, चौघांच्याही घरी कोलामी. ही द्राविडी कुळातली भाषा, गोंडीच्या नात्यातली. मराठीशी तिचं घराणं जुळत नाही. सर घराचं चित्र दाखवतात. "हे काय?" पोरं गप्प. खाली बघतात.

"एल्ला," मावशी दारातूनच म्हणते.

"एल्ला!" चौघं एका सुरात.

"बरोबर. आता मराठीत म्हणा, घर."

"घर."

पाण्याचं चित्र निघालं. या वेळी "ईर" पोरांनीच आधी सांगितलं. मग मोजणी. सरांनी दोन पोरींकडं बोट केलं आणि म्हणाले, "इंदिंग." पोरं खो खो हसली.

"असं नाई म्हणत, सर," मावशी आत आली. "दगड दोन असले तर इंदिंग. भाकरी दोन असल्या तरी इंदिंग. पोरी दोन असल्या तर ईरल. गडी दोन असले तर इद्दर."

सरांनी वहीत तीन रकाने पाडले. लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं. ईरल तिनं पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं. सूर लागला तेव्हा मान हलवली आणि डाळ घोटायला गेली.

दुपारी 1:00. खिचडी. मावशी वाढते आणि कोलामीत बोलत राहते. कुणाला ताप होता, कुणाचा बाप वेचणीला लांब गेलाय. सर ऐकतात. निम्मं कळतं.

दुपारी 1:45. ती राखेनं पातेलं घासते. सर शेजारी दगडावर बसतात, वही मांडीवर. सरांची शिकवणी होते ती इथं. कोलामीला स्वतःची लिपी नाही, म्हणून सगळं देवनागरीत. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञानं वर्ध्याकडची कोलामी अशीच ऐकून लिहून घेतली होती. त्यांचं पुस्तक 1955 मध्ये अमेरिकेत छापलं गेलं. त्यांनाही कुणा कोलामानंच बसून सांगितलं होतं.

दुपारी 3:00. ती वावरात पोचते. कमरेला लुगड्याची झोळी. बोंडाची टोकं बोटांना टोचतात, ती थांबत नाही. दिवसभर वेचलं तर 35-40 किलो कापूस होतो. किलोला 10 रुपये धरले तरी साडेतीनशे-चारशे. शाळेचे महिन्याला 2500. महिन्यात पंचवीस दिवस शाळा भरली तर दिवसाला 100.

संध्याकाळी 6:00. काट्यावर गाठोडं. अकरा किलो. हातात 110 रुपये.

संध्याकाळी 7:15. दुकानातून तेल, चहापत्ती, नातवाला पेन्सिल. नातू पहिलीतच आहे.

शाळेच्या कागदावर तिचं काम स्वयंपाकी आणि मदतनीस एवढंच. पोरांना मराठीकडं आणणं आणि सरांना कोलामी शिकवणं, ही दोन्ही कामं ती फुकट करते. कोलाम पोडांवरच्या शाळांत हे काम कागदावर यावं आणि त्याचा वेगळा पैसा अशा बायकांच्या हातात पडावा.