मुदत संपलेला साक्षीदार

३० सप्टेंबर २०२१, गुरुवार. भारतात संध्याकाळचे ७ वाजून ३१ मिनिटं १५ सेकंद झाले आणि जगभरातल्या कोट्यवधी फोनांच्या पोटातल्या एका साक्षीदाराची मुदत संपली. त्याचं नाव ‘डीएसटी रूट सीए एक्स थ्री’. एकवीस वर्षं त्याने इमानेइतबारे साक्ष दिली होती. त्याच्या भरवशावर असलेले जुने अँड्रॉइड फोन त्या क्षणी इंटरनेटच्या एका मोठ्या भागाला मुकायला हवे होते. ते मुकले नाहीत. का मुकले नाहीत, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो होतो.

आमच्या सेलूत मोबाइलच्या कुठल्याही दुकानात थोडा वेळ थांबलं की हे वाक्य कानावर येतं : “याचं सिंकच नाही होऊन राहिलं.” पुढे केलेला फोन जुना असतो, पण धडधाकट असतो. काच शाबूत, कॅमेरा चालू, कॉल लागतात. फक्त फोटो वर जात नाहीत, नंबर नव्या फोनात उतरत नाहीत. दुकानदार सांगतो, “व्हर्जन जुनं झालं, सपोर्ट नाही करत.” ते खरंच असतं. पण फोनात झिजलंय काय? काहीच नाही. बिनसलं आहे ते दोन यंत्रांच्या ओळखीत.

तुमचा फोन फोटो पाठवायला निघतो तेव्हा पलीकडचा सर्व्हर हजारो मैलांवर असू शकतो. मध्ये टॉवर, केबल, कितीतरी परक्यांची यंत्रं. पलीकडून उत्तर देणारा खराच आहे की कोणी तोतया, हे फोनने ठरवायचं कसं? खरेदीखत करताना दुय्यम निबंधकासमोर ‘आम्ही यांना ओळखतो’ म्हणणारे साक्षीदार लागतात, तसंच इथेही होतं. सर्व्हर आपलं प्रमाणपत्र दाखवतो. त्यावर एका संस्थेची डिजिटल सही असते, त्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर तिच्या वरच्या संस्थेची. सह्यांची ही साखळी वर चढत जाते आणि शेवटी अशा नावापाशी पोचली पाहिजे, जे फोनला आधीपासून ठाऊक आहे. ही सगळी तपासणी डोळ्याची पापणी लवेपर्यंत उरकते.

ती ठाऊक असलेली नावं तुम्हाला पाहताही येतात. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये सुरक्षेच्या पोटात ‘विश्वसनीय क्रेडेंशियल’ शोधा. शंभराहून अधिक नावांची यादी उघडते. अमेरिका, जर्मनी, स्पेन, तैवान, आणि नव्या फोनांत बंगळुरूच्या ईमुद्रा कंपनीचं ‘एमसाइन’. कुठल्याही नावावर बोट ठेवा, त्याची मुदत कधीपासून कधीपर्यंत हे दिसतं. आपण बँकेचे पैसे, लेकरांचे फोटो, आधार क्रमांक ज्यांच्या शब्दावर हवेत सोडतो ते हे सगळे, आणि यातल्या बहुतेकांची नावं आपण ऐकलेलीही नसतात. प्रत्येकाने एकदा तरी ही यादी डोळ्यांखालून घालावी असं मला मनापासून वाटतं.

खरी अडचण याच यादीत आहे. अँड्रॉइडच्या तेराव्या आवृत्तीपर्यंत ती फोनच्या अशा कप्प्यात असे, जो वाचता येतो पण बदलता येत नाही. यादी नवी करायची तर कंपनीने अख्खी सिस्टिम नवी करून पाठवायची. स्वस्त फोनांना असे अपडेट एखाददुसरे आले तर आले, मग बंद. जिओ ५ सप्टेंबर २०१६ला सुरू झालं आणि त्याच्या आगेमागे आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत पहिला स्मार्टफोन आला. त्यातल्या बहुतेकांवर अँड्रॉइड ५.१ नाहीतर ६.० असे. त्यांची साक्षीदारांची यादी तिथेच गोठली.

इकडे जगात नवा साक्षीदार उभा राहिला होता. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा सेवा २०१५च्या अखेरीपासून वेबसाइटना फुकट प्रमाणपत्रं देऊ लागली आणि बघता बघता कोट्यवधी साइट तिच्याकडे आल्या. तिचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र ‘आयएसआरजी रूट एक्स वन’ मात्र अँड्रॉइड ७.१.१च्या आधीच्या फोनांना माहीतच नव्हतं. म्हणून तिने सुरुवातीला ‘आयडेनट्रस्ट’ या जुन्या संस्थेची सही उसनी घेतली. त्या संस्थेचं मूळ प्रमाणपत्र म्हणजेच हा डीएसटी रूट. २०२०च्या शेवटी हिशेब मांडला तेव्हा जगातल्या अँड्रॉइड फोनांपैकी सुमारे एक तृतीयांश फोन अजून जुन्या आवृत्तीवर होते, आणि डीएसटी रूटची मुदत वर्षभरात संपत होती.

मग कोणाच्या तरी लक्षात आलं की जुनं अँड्रॉइड साखळीतल्या इतर प्रत्येक प्रमाणपत्राची तारीख तपासतं, फक्त अगदी वरच्याची तपासत नाही. ही चूक नव्हे. मूळ साक्षीदार म्हणजे मुळात एक नाव आणि एक गणिती किल्ली. तारखेचा कागद हे नुसतं वेष्टण, असा विचार त्यामागे आहे. मग आयडेनट्रस्टने त्याच जुन्या किल्लीने लेट्स एन्क्रिप्टच्या मूळ प्रमाणपत्रावर नवी सही केली, ३० सप्टेंबर २०२४पर्यंत चालणारी. म्हणजे सहीची मुदत सही करणाऱ्याच्या मुदतीपेक्षा तीन वर्षं जास्त! फोनने सही ताडून पाहिली, ती गणिताने बरोबर निघाली, आणि फोन चालत राहिले.

डीएसटी रूटची मुदत संपली तो २०२१चा खरीप हंगाम होता. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली होती. कपाशी-सोयाबीनचा पेरा शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून, फोटो काढून नोंदवायचा, आणि रेंज मिळाली की तो वर पाठवायचा. सेलूजवळच्या बोरच्या जंगलाला लागलेल्या शेतात उभ्या असलेल्या माणसाचा सातबारा अशा रीतीने त्याच्या खिशातल्या फोनच्या वयाशी बांधला गेला. ही गोष्ट मला फार गंभीर वाटते. सरकारी ॲप काढणाऱ्याने सगळ्यात जुना फोन हातात घेऊन आधी तो चालवून पाहिला पाहिजे.

मग जुन्यांना कायमचं सांभाळून का घेत नाहीत? कारण यादी बदलती ठेवावीच लागते. जुलै २०१४मध्ये आपल्याच सरकारच्या एनआयसी या संगणक संस्थेच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या पत्त्यांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं उघड झालं. ज्या यंत्रांच्या यादीत भारत सरकारचं मूळ प्रमाणपत्र होतं, ती फसू शकली असती. असा साक्षीदार तातडीने काढून टाकता आला नाही, तर तोतयाचीच चंगळ. बोलण्याची भाषाही बदलते : १९९९चं टीएलएस १.० आता मोठे सर्व्हर मानत नाहीत, आणि अँड्रॉइड ४.३पर्यंतचे फोन आपणहून तेच बोलतात. गूगलने २७ सप्टेंबर २०२१ला २.३.७ आणि त्याखालच्या फोनांचं लॉगिन बंद केलं, व्हॉट्सॲपने २०२५मध्ये ५.०च्या खालचे सोडले. अँड्रॉइड १४पासून मात्र साक्षीदारांची यादी प्ले स्टोअरच्या वाटेने, सिस्टिम न बदलता, नवी करता येते. हे फार पूर्वी व्हायला हवं होतं.

तुमच्या कपाटात असा फोन असेल तर आधी त्याची तारीख बघा. बॅटरी पूर्ण उतरलेला फोन कधीकधी १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच दाखवतो. यंत्राचं कालमापन ग्रीनिचच्या त्या मध्यरात्रीपासून मोजलं जातं. त्या फोनच्या लेखी आजची सगळी प्रमाणपत्रं अजून जन्मायची असतात, म्हणून तो सगळ्यांना नाकारतो. तारीख नीट लावली की पुष्कळदा सिंक आपोआप सुरू होतं.

नाहीच झालं, तर यूएसबी केबल घ्या आणि फोन संगणकाला जोडा. इथे साक्षीदार लागत नाही, कारण समोरचं यंत्र कोणतं हे तुमच्याच हाताने ठरलेलं असतं. स्क्रीनवर फाइल ट्रान्सफरचा पर्याय निवडा. फोटो ‘डीसीआयएम’ नावाच्या फोल्डरात असतात. नंबरांसाठी कॉन्टॅक्ट्समध्ये ‘एक्स्पोर्ट’ दाबलं की एक व्हीसीएफ फाइल तयार होते; तीही याच केबलने काढून घ्या. ही फाइल आजचा कुठलाही नवा फोन वाचतो.