एक प्रोग्रॅम, तीन मशीन

सकाळी ६:२०. सांगली, विश्रामबाग. दूध गॅसवर ठेवून माझी मामेबहीण लॅपटॉप उघडते. काम अठरा हजारांवर ठरलंय. निम्मे मिळाले, निम्मे प्रोग्रॅम चालल्यावर. लॉगच्या फाइली चाळणारा, सी भाषेतला मुक्त स्रोत प्रोग्रॅम. नेहमीच्या लिनक्सवर धावतो. तो फ्रीबीएसडी, अल्पाइन आणि रास्पबेरी पायवरही धावायला हवा. पाय तिने जुना घेतला, तीन हजारांना. बाकी दोन्ही लॅपटॉपच्याच पोटात, प्रत्येकी दोन जीबी रॅम देऊन. म्हणून ब्राउझर बंद.

७:०५. फ्रीबीएसडी. ‘मेक’ म्हटलं आणि अडलं. मेकफाइल ग्नू मेकच्या बोलीतली, इथला मेक बीएसडीचा. ती जीमेक बसवते. मग ‘मॅलॉक डॉट एच’. ते मागितलं की फ्रीबीएसडी एरर देऊन सांगतो, ‘स्टडलिब’ घ्या. अकरा फाइलींत अकरा ओळी बदलायच्या.

८:३०. चहा गार झालाय. आता स्क्रिप्टमधला ‘सेड’. ‘डॅश आय’नंतर ग्नूचा सेड काही मागत नाही. बीएसडीच्या सेडला बॅकअप फाइलीची शेपटी लागते. ती दिली नाही तर तो हुकमालाच शेपटी समजतो आणि फाइलीच्या नावाला हुकूम. ती ‘डॅश आय’ काढून टाकते. नव्या फाइलीत लिहायचं, मग तिचं नाव बदलायचं. दोन ओळी जास्त, पण कुठेही चालतील.

“लिहिणाऱ्याची चूक म्हणू नकोस, दादा. त्याच्यापुढे एकच मशीन असतं.”

१०:४५. लाइट गेली, इन्व्हर्टरवर काम चालू. अल्पाइनवर एका दमात कंपाइल झालं. चालवलं की सेगमेंटेशन फॉल्ट. डीबगरने शोधलं तर थ्रेडच्या फंक्शनमध्ये एक मेगाबाइटचा ॲरे. ग्लिबसी या सी लायब्ररीवर थ्रेडला सहसा आठ मेगाबाइटचा स्टॅक मिळतो, अल्पाइनच्या मसल या लायब्ररीवर मुळात १२८ किलोबाइट. ॲरे हीपवर हलवला. चाललं.

दुपारी १:१५. भाकरी, वांग्याची भाजी. जेवताना ती कामाचं बोलत नाही.

२:००. पाय. कंपाइल झालं, एकही एरर नाही. चालवलं आणि थांबेचना. बोर्ड हाताला चटका देतो. ती लूपमध्ये एक प्रिंटची ओळ घालते. पडद्यावर २५५, २५५, २५५ धावू लागतं.

४:२५. सापडलं. ‘गेटकॅर’चं उत्तर ‘कॅर’मध्ये ठेवलंय. फाइल संपली की ते उत्तर उणे एक येतं. इंटेलवर कॅरला उणे आकडा कळतो. पायच्या एआरएम लिनक्सवर कॅर बिनचिन्हाचा, तिथे उणे एकचे २५५ होतात. शेवट कधी येतच नाही. खरं तर इंटेलवरही कोड चुकलेलाच होता. फाइलीत २५५चा बाइट आला असता तर वाचन अर्ध्यावरच थांबलं असतं. लॉगमध्ये तो कधी आला नाही, म्हणून निभावलं. ती ‘कॅर’ खोडून ‘इंट’ लिहिते. अडीच तास त्या एका शब्दाला गेले. मला ही दिवसातली सगळ्यात मोलाची दुरुस्ती वाटते.

६:१०. तिन्हीकडे चाचण्या पुन्हा पहिल्यापासून, आणि लिनक्सवरही, जुनं काही मोडलं नाही ना म्हणून. मूळ प्रकल्पाला पाच वेगळे पॅच जातात, प्रत्येकाखाली कारण लिहून.

७:३०. वहीत ती तास मांडते. बोर्ड निवलाय का ते बोटाने बघते आणि वायर काढते.