नारळाच्या वाडीतील मीठ, खिळा आणि पाणी

वसई तालुक्याच्या किनारपट्टीवर, अर्नाळा-आगाशीपासून भुईगावपर्यंत, नारळ, केळी, पानवेल, फुले व भाजीपाला यांच्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या जोपासल्या गेल्या आहेत. येथील बागाईतदारांचा अनुभव मोठा आहे. परंतु अनुभवाबरोबर काही समजुतीही वारशाने चालत येतात. त्यांपैकी कोणत्या राखाव्यात व कोणत्या टाकाव्यात, हे त्यांमागील कारण तपासूनच ठरविले पाहिजे.

बुंध्याशी मीठ घालणे : ही चाल निराधार नाही. रत्नागिरीकडील जांभ्या जमिनीत नारळाचा खड्डा भरण्यापूर्वी, लागवडीच्या सुमारे सहा महिने आधी, २ किलो मीठ घालण्याची शिफारस आहे. त्यामुळे कठीण जांभा मऊ पडतो. शिवाय नारळास क्लोरिन या द्रव्याची गरज असते. परंतु वसईच्या किनाऱ्यालगतची जमीन रेताड आहे. तेथे फोडावयास जांभा नाही व क्लोरिनची उणीवही सहसा नसते. पूर्ण वाढलेल्या माडास दरवर्षी २ किलो म्युरेट ऑफ पोटॅश दिल्यास १२०० ग्रॅम पालाश मिळते व त्याबरोबर क्लोरिनही आपोआप मिळते. मिठातून मात्र पालाश मुळीच मिळत नाही. उलट त्यातील क्षार रेतीतून झिरपून विहिरीकडे जातात आणि माडाखालील केळी व भाजीपाला यांस बाधतात. एका जमिनीचा उपाय दुसऱ्या जमिनीत अपाय ठरतो, तो असा.

खोडात लोखंडी खिळा ठोकणे : न फळणारा माड खिळा ठोकल्याने फळतो, असे सांगितले जाते. खिळ्यातून झाडास उपयोगी पडेल असे लोह मिळत नाही. जखम मात्र होते. अशा ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा आकर्षित होतो व तेथे अंडी घालतो. अळ्या खोड आतून पोखरतात आणि बाहेर लक्षण दिसेपर्यंत माड बहुधा हातचा गेलेला असतो. याच कारणास्तव माडावर चढण्यासाठी खोडास खाचा पाडणेही टाळावे.

जितके पाणी तितके फळ : ही समजूत सर्वांत महाग पडणारी आहे. किनाऱ्यालगत जमिनीखाली पावसाचे गोडे पाणी समुद्राच्या जड, खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून १ फूट उंच असेल, तर तिच्याखाली सुमारे ४० फूट गोड्या पाण्याचा थर टिकू शकतो. ती पातळी उपशाने १ फूट खाली गेल्यास खारे पाणी हळूहळू सुमारे ४० फूट वर सरकू पाहते. रहाटाच्या काळी उपसा मर्यादित होता. पंपास तशी मर्यादा नाही. विहीर एकदा खारी झाली की ती एका पावसाळ्यात गोडी होईलच असे नाही, आणि शेजाऱ्याची विहीरही त्यातून सुटत नाही. उन्हाळ्यात माडास आळ्यातून चार दिवसांनी सुमारे २०० लिटर किंवा ठिबकने दररोज ३० ते ४० लिटर पाणी पुरेसे होते.

राखण्याजोग्या चाली : वडीलधाऱ्यांच्या पुष्कळ चाली शास्त्राच्या कसोटीस उतरतात. आळ्यात सोडणे पालथी पसरणे व पालापाचोळ्याचे आच्छादन करणे यामुळे ओल टिकते. मासळीचे खत व एरंडीची पेंड यांतून नत्र सावकाश मिळते. रेताड जमिनीस ते विशेष मानवते. वाडीतील बावखल पावसाचे पाणी साठवून जमिनीत मुरविते; ते बुजविणे म्हणजे विहिरीचा आधार काढून घेणे होय.

पडताळा कसा घ्यावा : माडाचा फुलोरा पोयीतून बाहेर पडण्यापूर्वी दोन वर्षांहून अधिक काळ खोडाच्या शेंड्यात घडत असतो आणि त्यानंतर नारळ पिकण्यास आणखी सुमारे १२ महिने लागतात. त्यामुळे यंदा खिळा मारून पुढील वर्षी फळ वाढले, तर त्याचे श्रेय खिळ्यास देता येत नाही. शिवाय एका वर्षी कमी फळलेला माड पुढे पुष्कळदा आपणहून अधिक फळतो. म्हणून कोणताही नवा-जुना उपाय, जखम करणारा सोडून, सारख्या वयाच्या पाच माडांवर करावा, शेजारचे पाच तसेच ठेवावेत आणि निदान चार वर्षे दोहोंकडील नारळ मोजून वहीत नोंदवावेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी विहिरींच्या पाण्याची तपासणी पावसाळ्यानंतर एकदा व मे महिन्यात एकदा करवून घ्यावी. पाण्याची विद्युत्‌वाहकता ०.७५ डेसीसायमन प्रति मीटरच्या आत असल्यास ते बहुतेक पिकांस चालते. २.२५ च्या वर गेल्यास उपसा तत्काळ कमी करावा. माती परीक्षणाविषयी तालुका कृषी अधिकारी कार्यालय किंवा कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्र यांचा सल्ला घ्यावा. पूर्वजांनी सांगितले म्हणून करू नये व जुने म्हणून टाकूही नये. कारण समजून घ्यावे, तुलना करावी आणि मगच वाडीत उतरवावे.