लीलावतीतले भुंगे आणि एक ‘क्ष’

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’तलं हे माझं सर्वांत आवडतं उदाहरण. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा हिस्सा एका झाडावर गेला, तिसरा हिस्सा दुसऱ्यावर. या दोन हिश्श्यांतल्या फरकाच्या तिप्पट भुंगे तिसऱ्या झाडावर गेले. एक भुंगा उरला. एकूण किती?

एकूण भुंगे क्ष मानू.

क्ष/५ + क्ष/३ + ३(क्ष/३ − क्ष/५) + १ = क्ष

आधी कंस. क्ष/३ − क्ष/५ = २क्ष/१५, त्याची तिप्पट ६क्ष/१५. मुलं घाईत नेमकी इथेच अडखळतात, म्हणून ही पायरी वेगळ्या ओळीत लिहायला लावा. आता ५ आणि ३ यांचा लसावि १५ घेऊन दोन्ही बाजूंना १५ ने गुणा, अपूर्णांक गायब!

३क्ष + ५क्ष + ६क्ष + १५ = १५क्ष
१४क्ष + १५ = १५क्ष
क्ष = १५

ताळा: ३ + ५ + ६ + १ = १५. बरोबर.

भास्कराचार्यांनी हे ‘इष्टकर्म’ रीतीने सोडवायला दिलं होतं, म्हणजे सोयीची संख्या धरून त्रैराशिकाने उत्तर काढायचं. ३० धरून बघा आणि कमेंटमध्ये पायऱ्या लिहा.