धाराशिवहून पुण्यात नोकरी लागली. खोली हडपसरला घ्यायची की कामाजवळ?

धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात विचारा, पुण्यात आपली माणसं राहतात कुठे? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. हडपसर, मांजरी, फुरसुंगी, लोणी काळभोर, नाहीतर वाघोली. मुलाला किंवा मुलीला पुण्यात नोकरी लागली की पहिला फोनही तिकडेच जातो. मामा, आत्या, चुलतभाऊ, गावातलंच कुणीतरी. तिकडून उत्तर येतं, "ये की इकडंच, बघू खोली."

आता नोकरी मगरपट्ट्यात किंवा खराडीत असेल तर प्रश्नच मिटला. पण ती हिंजवडीत किंवा चाकणला असली तर हाच फोन पुढची दोन वर्षं रोज तीन तास खाऊ शकतो. म्हणून खोलीची अनामत रक्कम देण्याआधी थोडा हिशोब करायला हवा.

आपली माणसं हडपसरलाच का?

याचं कारण रस्त्यात आहे. पुण्यातून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ हडपसर, सोलापूर करत नळदुर्ग आणि उमरग्यावरून पुढे हैदराबादला जातो. उमरग्यात गाडीत बसलेला माणूस रस्ता न बदलता हडपसरला उतरतो. धाराशिवहून बार्शी, कुर्डुवाडी करत येणारी गाडीही टेंभुर्णीला याच रस्त्याला लागते. रेल्वेचंही तेच. लातूर-मुंबई एक्स्प्रेस धाराशिव, बार्शी, कुर्डुवाडी, दौंड करत पुण्यात शिरते ती उरुळी, लोणी, मांजरी, हडपसर याच बाजूने. भूम, वाशीकडचे काही जण जामखेड, नगरमार्गे येतात, त्यांना शहराआधी वाघोली लागते.

म्हणजे गावाकडचा रस्ता शहरात जिथे शिरतो, तिथेच माणूस थांबतो. हे फक्त आपलंच नाही. साताऱ्याकडची माणसं कात्रज-धनकवडीत भेटतात, जुन्नर-आंबेगावची भोसरीत. आधी एक जण येतो, तो दुसऱ्याला आणतो, मग गावाकडच्या चवीची मेस निघते, गावाला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सचा थांबा होतो, आणि दहा-पंधरा वर्षांत त्या भागात आपली बोली सहज ऐकू येऊ लागते. नवख्या माणसाला याचा आधार मोठा असतो. आजारी पडलं तर दवाखान्यात नेणारं कुणीतरी असतं, पगार व्हायच्या आधी दोन हजार उसने मिळतात. हा आधार हिशोबात धरलाच पाहिजे, त्याला भावनिक म्हणून उडवून लावणाऱ्यांनी बहुधा परक्या शहरात एकट्याने ताप काढलेला नसतो.

अडचण एवढीच की गावाला आपण महिन्यातून एकदा, फार तर दोनदा जातो. कामावर पंचवीस दिवस.

पुणे एक नाही

पुण्यात नोकरी लागली, हे वाक्यच अपुरं आहे. आयटीच्या कंपन्या हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, फुरसुंगी अशा वेगवेगळ्या टोकांना आहेत. वाहन उद्योगातले कारखाने चाकण, भोसरी, तळेगाव आणि नगर रस्त्यावर रांजणगावला. हडपसर ते हिंजवडी हे अंतर साधारण तीस किलोमीटर आहे, आणि ते तीस किलोमीटर धाराशिव-तुळजापूर रस्त्यासारखे नाहीत. तिथे अर्ध्या तासात होणारं काम इथे गर्दीच्या वेळी दीड तासाचं होतं.

त्यात गावांची नावं घोटाळा करतात. बालेवाडीजवळ एक म्हाळुंगे आहे आणि चाकणच्या कारखान्यांजवळ दुसरं महाळुंगे. मांजरी बुद्रुक हडपसरकडे, तर मांजरी खुर्द नदीपलीकडे वाघोलीच्या बाजूला. आणि सिंहगड रस्त्यावरचं नांदेड आपलं नांदेड नव्हे. ऑफर लेटरवर कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता असतो, तो कामाचा पत्ता असेलच असं नाही. म्हणून एचआरला सरळ विचारा: मी रोज कुठल्या गेटने आत जाणार? हिंजवडी असेल तर फेज एक, दोन की तीन? कंपनीची बस आहे का, आणि तिचे थांबे कुठे? चाकणच्या अनेक कारखान्यांच्या बस मोशी, भोसरी, चिंचवड या भागांतून माणसं घेतात. ज्याला बस आहे त्याने कारखान्यापेक्षा बसथांब्याजवळ खोली बघावी. रात्रपाळी सुटल्यावर पहाटे रिक्षा शोधत बसावं लागत नाही.

तासाला पंचावन्न रुपये

समजा, मांजरीत दोन खोल्या ९,००० रुपयांना मिळतात आणि वाकडला तशाच जागेला १५,००० मागतात. आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, तुम्ही तुमचे घाला. नोकरी हिंजवडीत. मांजरीत राहिलं की महिन्याला सहा हजार वाचले, असं वाटतं.

आता गाडी काढा. मांजरीहून रोजचं जाणं-येणं ६० किलोमीटर, वाकडहून १०. फरक ५० किलोमीटर. महिन्याचे २२ दिवस धरले तर १,१०० किलोमीटर. मोटारसायकल लिटरला ४५ देत असेल तर साडेचोवीस लिटर पेट्रोल, लिटरला १०५ रुपयांनी सुमारे २,५५० रुपये. टायर, ऑइल, सर्व्हिसिंग मिळून साडेचारशे धरा. सहा हजारांतले तीन हजार रस्त्यातच गेले.

उरले तीन हजार. त्यासाठी रोज अडीच तास जास्त रस्त्यावर, म्हणजे महिन्याला ५५ तास. तासाला पंचावन्न रुपये मिळाले. तेही पावसात, धुरात, हडपसर ते हिंजवडी सगळे चौक पार करून.

यावर कुणी म्हणेल, पगारच अठरा हजार असेल तर तीन हजारही मोठेच. बरोबर आहे. पण मग पर्याय मांजरी की वाकडचा फ्लॅट एवढाच नसतो. काळेवाडी, थेरगाव, मारुंजी, नेरे या भागांत दोघा-तिघांत खोली घेता येते, नाहीतर कॉट बेसिसवर राहता येतं, म्हणजे खोलीतला एक पलंग आणि कपाटातला एक खण आपला. वर मेसचा डबा. पहिलं वर्ष असं काढायला हरकत नाही.

लग्न झालेलं असेल तर हिशोब बदलतो. बायकोही नोकरी करत असेल तर दोघांच्या गेटमधलं ठिकाण शोधावं लागतं. मुलाची शाळा एकदा सुरू झाली की वर्षाच्या मध्ये घर बदलणं अवघड, म्हणून शाळा आधी आणि घर नंतर.

मेट्रोच्या भरवशावर?

घरमालक आणि दलाल दोघेही मेट्रोचं नाव घेतातच. त्यात चालू काय आणि होणार काय, हे वेगळं काढा. स्वारगेट ते पिंपरी-चिंचवड महापालिका हा मार्ग सप्टेंबर २०२४ मध्ये पूर्ण सुरू झाला. धाराशिवची एसटी स्वारगेटला सोडते, तिथून पिंपरीपर्यंत थेट जाता येतं, ही आपल्यासाठी मोठीच सोय. वनाझ ते रामवाडी हा दुसरा मार्ग मार्च २०२४ पासून पूर्ण चालू आहे. रामवाडीहून पुढे वाघोलीपर्यंत वाढवायला केंद्राने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. पण मंजुरी म्हणजे गाडी नव्हे. शिवाजीनगर-हिंजवडी हा २३ किलोमीटरचा मार्ग वेगळ्या कंपनीकडे आहे. जिथून गाडी सुटताना तुम्ही स्वतः पाहिलीय, तेवढीच मेट्रो भाड्यात धरा.

उरुळी कांचन, लोणीकडे राहून दौंड-पुणे रेल्वेने शहरात कामाला जाणारे पुष्कळ आहेत. स्वस्त पडतं, पण गाड्या मोजक्या आणि एक चुकली की दिवस गेला.

पाणी कुठून येतं, हा प्रश्न लाजू नका

टँकर आपल्याला नवा नाही. पण पुण्यात जाऊनही टँकरच, हे अनेकांना धक्कादायक वाटतं. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं घेतली गेली. वाघोली आणि मांजरी बुद्रुक त्या २३ मधली. हद्द वाढली, इमारती त्याआधीच वाढल्या होत्या, नळ मात्र त्या वेगाने पोचले नाहीत. वाघोलीतल्या अनेक सोसायट्या टँकरवर चालतात. फुरसुंगी आणि उरुळी देवाची आधी महापालिकेत घेतली, मग बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद केली. तिथल्या कचरा डेपोमुळे विहिरींचं पाणी खराब झाल्याची तक्रार जुनी आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून पाणी एक दिवसाआड येतं. हिंजवडी तर महापालिकेतच नव्हती, तिथे ग्रामपंचायत. आयटी पार्क एमआयडीसीचं, नियोजन पीएमआरडीएकडे. रस्त्यात पाणी साचलं की कुणाला फोन करायचा हे तिथल्या जुन्या रहिवाशांनाही पटकन सांगता येत नाही.

हे गंभीर का, ते जानेवारी २०२५ मध्ये दिसलं. सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी परिसरात गिलेन-बारे सिंड्रोम म्हणजे जीबीएसचे रुग्ण वाढले. हातापायांतली ताकद जाणारा हा आजार, काहींना व्हेंटिलेटर लागला, मृत्यूही झाले. तपासात दूषित पाण्याकडे बोट गेलं. हा भागही नव्याने महापालिकेत आलेल्या गावांचाच.

तेव्हा खोली बघायला गेलात की टाइल्स नंतर बघा. नळाचं पाणी महापालिकेचं, बोअरचं की टँकरचं? किती वेळ येतं? टँकरचे पैसे भाड्यात आहेत की दर महिन्याला वेगळे? आणि याचं उत्तर मालकाला नाही, खालच्या वॉचमनला किंवा किराणा दुकानदाराला विचारा. शक्य असेल तर मे महिन्यात किंवा जोराचा पाऊस पडून गेल्यावर एक चक्कर मारा.

कागद

पुण्यात भाड्याने राहण्याच्या कराराला लिव्ह अँड लायसन्स म्हणतात. साधारण ११ महिन्यांचा असतो. अनेक दलाल स्टँपपेपरवर नोटरी करून देतात आणि "झालं काम" म्हणतात. झालेलं नसतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी हवा आणि नोंदणीकृतही हवा. ११ महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी नको, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि करार नोंदवलेला नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मालक नोंदणीला नको म्हणत असेल तर हे कलम नम्रपणे त्याच्या कानावर घाला.

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क पाव टक्का. भाडं १५,००० आणि अनामत ५०,००० असेल, तर ११ महिन्यांचं भाडं १,६५,००० आणि अनामतीवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज सुमारे ४,६००, यांची बेरीज करून पाव टक्का. सव्वाचारशे रुपयांच्या आसपास येतात. वर नोंदणी फी, शहरी हद्दीत १,००० आणि ग्रामपंचायत हद्दीत ५००. दलाल यापेक्षा बरंच जास्त सांगतो, त्यात त्याची मेहनत असते. दलाली वेगळी, बहुतेक एक महिन्याचं भाडं.

करारात दोनच ओळी नीट वाचा: लॉक-इन किती महिन्यांचा, आणि सोडताना रंगाचे पैसे अनामतीतून किती कापणार. खोलीचा ताबा घेताना भिंती, नळ, गिझर यांचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. नंतर वाद कमी होतो.

बॅचलर चालत नाही, हे फोनवरच ऐकू येईल. आडनाव विचारणारेही भेटतील, मग "बघतो, सांगतो" आणि पुढे फोन नाही. अशा वेळी ओळखीचा माणूस कामाला येतो, आणि हडपसरच्या मामाची खरी मदत इथे आहे. त्यांच्याकडे महिनाभर राहा. त्या महिन्यात कामावर जाऊन या, सोमवारी सकाळी आणि शुक्रवारी संध्याकाळी किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा, कामावरच्या चार जणांना ते कुठे राहतात ते विचारा. एकदम वर्षाचा करार करून सामान टेम्पोत घालायची घाई नको.

रेशनची काळजी असेल, तर कार्डवर धान्य राज्यातल्या दुसऱ्या गावच्या दुकानातही आधारच्या ओळखीवर उचलता येतं. कुटुंब गावाकडे असेल तर मात्र तिथला वाटा तसाच राहू द्या.

वाकडला किंवा मोशीला राहिलं तर गावाला जायचं कसं, हा शेवटचा आक्षेप. धाराशिवकडच्या बऱ्याच खासगी ट्रॅव्हल्स निगडी, चिंचवडकडूनच माणसं घेत येतात. तासभर आधी बसावं लागतं, एवढंच. पुढे ती गाडी हडपसर गाडीतळावर थांबते, आणि तिथे मामा पिशवी देऊन जातो.